स्वामित्व आणि सौदा : लेखनकराराच्या इतिहासातील एक विसंगती

१

'लेखक' या संकल्पनेची तपासणी साहित्याच्या सैद्धांतिक चर्चेत गेली पाच-सहा दशके सातत्याने चालू आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मिशेल फुको यांनी १९६९ च्या आपल्या व्याख्यानात लेखक ही व्यक्ती नसून चर्चाविश्वाचे नियमन करणारे एक कार्य आहे, अशी मांडणी केली आणि हे कार्य मालमत्तेच्या विशिष्ट व्यवस्थेशी निगडित असल्याचे सुचवले. पुढे मार्था वुडमन्सी यांनी १९८४ मध्ये आणि मार्क रोझ यांनी १९९३ मध्ये हे सूत्र इतिहासाच्या अंगाने विस्तारले. प्रतिभेची स्वयंभूता ही कल्पना आणि ग्रंथस्वामित्वाचा कायदा ही अठराव्या शतकातील जुळी अपत्ये आहेत, हे त्यांच्या अभ्यासामुळे आता सर्वमान्य झाले आहे.

या मांडणीत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. लेखक मालक झाला म्हणजे तो समर्थ झाला, असे ते गृहीत. लेखकाचे हे सामर्थ्य कोणाला इष्ट वाटते, कोणाला ते वाचकाच्या स्वातंत्र्यावरचे बंधन वाटते. पण ते आहे याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत दिसते. प्रत्यक्ष साहित्यव्यवहारात लेखक मालक असतो तो बहुधा संहिता हातावेगळी करण्याच्या क्षणापर्यंतच. त्यानंतर त्या संहितेचे आणि तिच्यापासून होणाऱ्या प्राप्तीचे काय व्हायचे, हे दोन-तीन पानांच्या एका कागदावर ठरते. त्या कागदावर सह्या दोघांच्या असतात, मसुदा मात्र एकाचाच असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा कागद आहे. पगारी नोकर नसलेला, कामागणिक करार करणारा, ज्याला आज मुक्त लेखक म्हटले जाते असा लेखनव्यावसायिक आणि त्याचे काम घेणारी संस्था यांच्यातील कराराच्या न्याय्यतेचा प्रश्न सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ चर्चिला जात आहे. या इतिहासातून एक विसंगती पुनःपुन्हा समोर येते, असे माझे प्रतिपादन आहे. कायद्याने लेखकाला जे जे मालमत्ता म्हणून दिले, ते ते विकता येण्याजोगे असल्यामुळेच त्याच्या हातून गेले. न्याय्यता काही प्रमाणात साधली ती दोनच ठिकाणी : जिथे कायद्याने एखादा हक्क विक्रीच्या कक्षेबाहेर ठेवला तिथे, आणि जिथे लेखकांना एकत्रितपणे सौदा करता आला तिथे. स्वामित्व आणि सौदाशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप निर्माण होत नाही.

२

लेखक-प्रकाशक व्यवहाराच्या कोणत्याही इतिहासात मिल्टनच्या कराराचा उल्लेख येतोच. 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यासाठी जॉन मिल्टन आणि मुद्रक सॅम्युअल सिमन्स यांच्यात २७ एप्रिल १६६७ रोजी झालेला हा करार ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेला आहे. मिल्टनला पाच पौंड रोख मिळाले. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी प्रत्येकीच्या १३०० प्रती खपल्यावर आणखी पाच-पाच पौंड मिळायचे होते. मिल्टनच्या हयातीत त्यांपैकी एकच हप्ता पदरात पडला, म्हणजे एकूण दहा पौंड. त्याच्या निधनानंतर १६८० मध्ये त्याच्या विधवेने उरलेला सर्व हक्क आठ पौंडांना सिमन्सला सोडून दिला.

या आकड्यांवर पुढील पिढ्यांनी बराच हळहळ व्यक्त केला आहे. तथापि करार बारकाईने वाचला तर चित्र थोडे निराळे दिसते. प्रत्येक आवृत्तीच्या प्रतींना १५०० ची मर्यादा घातलेली आहे. मोबदला एकरकमी नसून खपाशी बांधलेला आहे. विक्रीचा हिशेब शपथेवर मागण्याचा अधिकार मिल्टनला आहे, आणि हिशेब न दिल्यास आवृत्ती संपली असे धरून पाच पौंड देण्याचे बंधन सिमन्सवर आहे. आवृत्तीची प्रतसंख्या न सांगणारे आणि हिशेबाविषयी मौन पाळणारे करार आजही होतात, हे लक्षात घेता १६६७ चा हा कागद अगदीच एकतर्फी म्हणता येणार नाही. त्यात उणीव आहे ती मुदतीची. हस्तलिखितासह सर्व हक्क कायमचा दिलेला आहे, आणि तो परत येण्याची वाट कुठेही ठेवलेली नाही. व्यवहाराच्या क्षणी कोणालाच ठाऊक नसलेली किंमत काळाच्या ओघात वाढत गेली, आणि त्या वाढीत विकणाऱ्याचा वाटा राहिला नाही. लेखनकराराच्या अन्याय्यतेचे मूळ पुष्कळदा रकमेपेक्षा या कालविषमतेत असते.

इंग्लंडच्या पार्लमेंटला याची काहीशी जाणीव होती, असे १७१० च्या कायद्यावरून दिसते. राणी ॲनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने नव्या पुस्तकाला चौदा वर्षांचे संरक्षण दिले. त्यानंतर लेखक हयात असल्यास मुद्रणाचा हक्क त्याच्याकडे परत येऊन आणखी चौदा वर्षे त्याचाच राहील, असेही त्यात म्हटले होते. चौदा वर्षे टिकलेल्या पुस्तकाची किंमत तोवर बाजारात सिद्ध झालेली असणार. तेव्हा लेखकाला दुसऱ्यांदा, आणि या वेळी डोळसपणे, सौदा करता यावा, असा या तरतुदीचा अर्थ लावता येतो. व्यवहारात तिचे काय झाले ते १७८६ च्या कार्नन विरुद्ध बोल्स या खटल्यात दिसते. लेखकाने आपला 'सर्व' हक्क विकला असेल तर भविष्यात परत येऊ शकणारी चौदा वर्षेही त्यात विकली गेली, असे न्यायालयाने ठरवले. पहिल्याच करारात एक सर्वसमावेशक शब्द घातला की कायद्याने दिलेली दुसरी संधी नाहीशी होत होती. हक्क परत येतो असे म्हणणे पुरेसे नव्हते. परत येण्याआधी तो विकता येणार नाही, असेही म्हणायला हवे होते.

अठराव्या शतकातील गाजलेले वाद या प्रश्नाकडे वळलेच नाहीत. १७६९ चा मिलर विरुद्ध टेलर आणि १७७४ चा डोनाल्डसन विरुद्ध बेकेट हे दोन्ही खटले जेम्स थॉम्सन यांच्या 'द सीझन्स' या काव्याविषयीचे होते. थॉम्सन १७४८ मध्येच निवर्तले होते. लेखकाच्या नैसर्गिक आणि चिरंतन हक्काची तात्त्विक बाजू लंडनचे ग्रंथविक्रेते मांडत होते, कारण तो हक्क त्यांनी विकत घेतलेला होता. लेखकाच्या नावाने बोलणारा पक्ष लेखकाचा खरेदीदार असणे, ही या इतिहासातील पुन्हापुन्हा आढळणारी परिस्थिती आहे.

हे वर्म नेमके ओळखले ते टॉमस बॅबिंग्टन मेकॉलेने. भारतीय शिक्षणाच्या इतिहासात १८३५ च्या टिपणामुळे परिचित असलेला हा गृहस्थ स्वदेशी परतल्यानंतर, फेब्रुवारी १८४१ मध्ये, हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत वाढवणाऱ्या विधेयकाविरुद्ध पार्लमेंटमध्ये बोलला. मिल्टनच्या काव्यावर टॉन्सन हे ग्रंथविक्रेते अठराव्या शतकाच्या मध्यालाही मालकी सांगत होते आणि न्यायालयातून मनाई हुकूम मिळवत होते. त्याच सुमारास मिल्टनची नात हलाखीत होती, आणि तिच्यासाठी १७५० मध्ये 'कोमस'चा साहाय्यार्थ प्रयोग करावा लागला होता. मुदत वाढवल्याने लाभ होतो तो विकत घेणाऱ्याचा, वारसांचा नव्हे, हा मेकॉलेचा मुद्दा होता. विधेयक त्या वेळी फेटाळले गेले. लेखकाच्या वतीने हक्क मोठा करण्याने लेखकाची सौदाशक्ती वाढत नाही, हे त्यापूर्वी इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

३

विक्रीच्या कक्षेबाहेर काहीतरी ठेवण्याचा पहिला खराखुरा प्रयत्न १९११ च्या ब्रिटिश कायद्यात झाला. लेखकाने हयातीत केलेले हस्तांतर त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी संपुष्टात येईल, उरलेल्या मुदतीचा हक्क त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींकडे जाईल, आणि याविरुद्ध केलेला कोणताही करार निरर्थक ठरेल, अशी त्याची तरतूद होती. १७१० च्या कायद्यात जे राहून गेले होते ते येथे आले. चार्ल्स डिकन्सच्या नावाने ही तरतूद ओळखली जाते. साम्राज्यात सर्वत्र हा कायदा पोहोचला. भारतात तो १९१४ च्या कायद्याने लागू झाला.

या तरतुदीचा परिणाम दिसला तो मात्र ज्याला प्रस्थापित अर्थाने 'लेखक' म्हटलेही गेले नव्हते अशा एका माणसाच्या बाबतीत. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा याने १९३९ मध्ये जोहान्सबर्ग येथे 'म्बुबे' हे गीत ध्वनिमुद्रित केले. १९५२ मध्ये त्याने त्याचे हक्क ध्वनिमुद्रण कंपनीला दहा शिलिंगांना दिले. अमेरिकेत या गीताची नवनवी रूपे झाली, १९६१ मध्ये 'द लायन स्लीप्स टुनाइट' या नावाने ते जगभर पोहोचले, आणि १९९४ मध्ये 'द लायन किंग' या चित्रपटात ते आले. लिंडा १९६२ मध्ये निर्धन अवस्थेत वारला. पुढे त्याच्या पत्नीकडून आणि मुलींकडूनही हक्क सोडल्याच्या कागदांवर सह्या घेण्यात आल्या. १९११ च्या कायद्यानुसार मात्र १९८७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, हक्क परत आलेला होता. याच आधारावर २००४ मध्ये डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला, आणि २००६ मध्ये तडजोड होऊन वारसांना भूतकाळाचा मोबदला व भविष्यातील वाटा मान्य झाला.

हा विजय कशामुळे मिळाला, ते नीट पाहिले पाहिजे. लिंडाच्या सर्जनशीलतेचे माहात्म्य कोणी नाकारत नव्हते. तेवढ्याने त्याला दहा शिलिंगांपलीकडे काही मिळाले नव्हते. निरक्षरता, वर्णभेदाची राजवट आणि परक्या भाषेतील कागद यांमुळे त्याच्या संमतीला फारसा अर्थ नव्हता, हेही उघड होते. पण तेवढ्यावर करार मोडणे सोपे नसते. उपयोगी पडली ती एक कोरडी तरतूद, जिने सहीच्या सामर्थ्याला कालमर्यादा घातली होती. एडवर्डकालीन लंडनमध्ये प्रतिष्ठित ग्रंथकारांच्या वारसांसाठी केलेला नियम एका वसाहतीतील गायकाच्या कुटुंबाच्या कामी आला, हा इतिहासाचा योगायोग खरा. त्यामागचे तत्त्व मात्र योगायोगाचे नाही.

स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात ही तरतूद राहिली नाही. जुन्या साम्राज्याचा कायदा रद्द करताना त्यातील लेखकाला सर्वाधिक उपकारक असे हे एक कलमही त्याबरोबर गेले. अमेरिकेत नेमका उलटा प्रवास झाला. तेथील १९०९ च्या कायद्यात अठ्ठावीस वर्षांनी हक्काचे नूतनीकरण लेखकाकडे ठेवलेले होते. पण नूतनीकरणाचा हक्कही आगाऊ विकता येतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये एका गीतकाराच्या प्रकरणात ठरवले. कार्नन विरुद्ध बोल्सचीच ही पुनरावृत्ती होती. तेव्हा १९७६ च्या कायद्याने पस्तीस वर्षांनंतर हस्तांतर रद्द करण्याचा अधिकार लेखकाला दिला, आणि तो कराराने काढून घेता येणार नाही असे स्पष्ट केले. मोबदला घेऊन करवून घेतलेल्या विशिष्ट प्रकारच्या कामांना मात्र त्यातून वगळले. पुढील कित्येक करारांत 'हे काम अशा प्रकारचे आहे' हे वाक्य का दिसते, याचे उत्तर या अपवादात आहे.

४

आतापर्यंत पाहिलेली उदाहरणे कायदेमंडळाने घातलेल्या मर्यादांची होती. न्यायालय स्वतः एखादा करार अन्याय्य म्हणून बाजूला सारू शकते काय, हा निराळा प्रश्न आहे. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर १९७४ मध्ये लंडनमध्ये एका गीतलेखकाच्या खटल्यात मिळाले, आणि तेथून ते अनपेक्षित मार्गाने भारतात आले.

टोनी मेकॉले या नावाने लिहिणाऱ्या एकवीस वर्षांच्या तरुणाने १९६६ मध्ये श्रोडर या संगीतप्रकाशन संस्थेशी तिच्या छापील नमुन्यावर करार केला. पाच वर्षांत तो जे काही रचील त्याचे जगभराचे सर्व हक्क संस्थेकडे जाणार होते. स्वामित्वधन पाच हजार पौंडांच्या वर गेल्यास मुदत आपोआप आणखी पाच वर्षांनी वाढणार होती. म्हणजे यश मिळाले तर बंधन लांबणार होते. आगाऊ रक्कम पन्नास पौंड. संस्थेवर एकही गीत प्रकाशित करण्याचे बंधन नव्हते. संस्थेला एका महिन्याच्या सूचनेने करार संपवता येत होता; लेखकाला तशी मुभा नव्हती. हाउस ऑफ लॉर्ड्सने हा करार व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध म्हणून अंमलबजावणीस अपात्र ठरवला.

लॉर्ड डिप्लॉक यांचे या निकालातील विवेचन संहितेच्या अभ्यासकांनीही वाचावे असे आहे. छापील नमुना-करारांचे त्यांनी दोन प्रकार केले. जहाजवाहतुकीची बिले किंवा विमापत्रे यांसारखे नमुने समान बळाच्या व्यापाऱ्यांमध्ये दीर्घकाळच्या घासाघिशीतून घडलेले असतात, म्हणून ते रास्त असल्याचे गृहीत धरता येते. दुसऱ्या प्रकारचे नमुने व्यवसाय थोड्या हातांत एकवटल्यामुळे निर्माण होतात. ते कोणत्याही वाटाघाटीतून आलेले नसतात, आणि समोरच्या पक्षाला 'घ्यायचे तर घ्या, नाही तर राहू द्या' एवढाच पर्याय देतात. या दुसऱ्या प्रकारात रास्तपणा गृहीत धरता येत नाही. दोन्ही करार कागदावर सारखेच दिसतात, दोन्हींची भाषा तीच असते. फरक असतो तो ती भाषा कशी घडली याच्या इतिहासात. संहितेचा अर्थ तिच्या निर्मितीच्या परिस्थितीतून काढावा की नाही, हा साहित्यसमीक्षेतील जुना वाद येथे न्यायाधीशांनी एका बाजूने निकालात काढलेला दिसतो.

सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजनाथ गांगुली या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याच विवेचनाचा आधार घेतला. निकालपत्र न्यायमूर्ती दिनशा मादन यांचे होते. ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. प्रश्न एका सरकारी मंडळाच्या सेवानियमाचा होता, ज्यान्वये कायम नोकराला तीन महिन्यांची सूचना देऊन कारण न सांगता काढता येत होते. सौदाशक्ती विषम असलेल्या पक्षांमधील, दुर्बळ पक्षाला पर्यायच नसल्यामुळे त्याने मान्य केलेली आणि विवेकबुद्धीला धक्का देणारी अट भारतीय करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली लोकनीतीच्या विरुद्ध म्हणून शून्य ठरते, असे न्यायालयाने सांगितले. लंडनच्या एका गीतलेखकाच्या निमित्ताने घडलेला विचार भारतातील नोकराच्या कामी आला.

भारतातील गीतलेखकाच्या तो कामी आला काय? मादन यांनी आपल्या तत्त्वाला एक मर्यादा घातली होती. दोन्ही पक्ष व्यापारी असतील आणि करार व्यापारी स्वरूपाचा असेल तर ते लागू होणार नाही. मुक्त लेखकाची अडचण इथेच आहे. तो नोकर नसतो, म्हणून नोकराला मिळणारे संरक्षण त्याला नसते. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याचाही निकष नोकरी हाच होता. कायद्याच्या दृष्टीने तो स्वतःचा धंदा करणारा व्यावसायिक असतो, म्हणजे समोरच्या कंपनीच्या बरोबरीचा. ज्या 'स्वातंत्र्या'चा तो अभिमान बाळगतो तेच त्याला दुर्बळांच्या यादीतून वगळते.

५

भारतीय संदर्भात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो चित्रपटगीतांच्या क्षेत्रात. गीतकार आणि संगीतकार हे बहुधा कामागणिक मोबदला घेणारे, आणि त्यांच्या कृतींचे आयुष्य मात्र चित्रपटापेक्षाही दीर्घ. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. तिने सार्वजनिक सादरीकरणाच्या शुल्काचे दर जाहीर केले, तेव्हा निर्मात्यांच्या संघटनांनी हरकत घेतली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. निर्मात्याने मोबदला देऊन गीत वा संगीत करवून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास निर्माताच प्रथम मालक ठरतो, असा कलम १७ चा अर्थ लावला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाशी सहमत होऊनही एक स्वतंत्र पुरवणी जोडली, आणि सर्जकांच्या या स्थितीकडे संसदेने लक्ष द्यावे असे सुचवले.

'विरुद्ध करार नसल्यास' या शब्दांवर येथे थोडे थांबले पाहिजे. कायदा गीतकाराला सांगतो की तुला मालकी हवी असेल तर तसा करार कर; कायद्याची ना नाही. दिसायला ही तटस्थता आहे. पण तसा करार मिळवण्यासाठी जे बळ लागते ते नसल्यामुळेच तर कायद्याकडे धाव घेतलेली असते. कराराने बदलता येणारा प्रत्येक नियम शेवटी बलवान पक्षाच्या मसुद्याप्रमाणे बदलतो. १९९४ च्या दुरुस्तीचेही असेच झाले. हस्तांतराच्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे समजावी आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजावा, अशी चांगली तरतूद त्या दुरुस्तीने केली. उत्तर म्हणून छापील करारात 'कायमस्वरूपी व जगभरासाठी' एवढी अक्षरे पुरेशी होती. मौनाचा अर्थ लेखकाच्या बाजूने लावण्याचा नियम मसुदा करणाऱ्याला मौन न पाळण्याचा धडा तेवढा देतो.

२०१२ च्या दुरुस्तीने मात्र मार्ग बदलला. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असलेले जावेद अख्तर यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला होता. मे २०१२ मध्ये संमत झालेल्या या दुरुस्तीनुसार चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीचा वा संगीतकृतीचा लेखक स्वामित्वधनातील समान वाटा मिळण्याचा आपला हक्क सोडून देऊ शकत नाही. वारसांना वा प्रताधिकार संस्थेला दिल्याखेरीज त्याचे हस्तांतर होत नाही, आणि याविरुद्धचा करार शून्य ठरतो. चित्रपटगृहातील प्रदर्शनापासूनचे उत्पन्न यातून वगळलेले आहे. मालकी कोणाकडेही गेली तरी वाटा राहतो. १७१० मध्ये जे अर्धवट राहिले, १९११ मध्ये जे मृत्यूनंतरच्या काळापुरते साधले, ते येथे लेखकाच्या हयातीत आणि चालू उत्पन्नाच्या बाबतीत आले. लेखकाचे स्वातंत्र्य यामुळे कमी झाले, असा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या बरोबर आहे. आपला वाटा विकण्याचे स्वातंत्र्य त्याने गमावले. त्या स्वातंत्र्याचा उपयोग आजवर कोणाला झाला होता, एवढाच प्रतिप्रश्न त्यावर करता येतो.

ही दुरुस्ती चित्रपट व ध्वनिमुद्रणापुरती आहे. वृत्तपत्राच्या पुरवणीत लिहिणारा लेखक, पानागणिक मोबदला घेणारा अनुवादक, प्रकाशकासाठी संपादन करणारा व्यावसायिक हे तिच्या बाहेरच राहतात.

६

वृत्तपत्रांतील मुक्त लेखकांचा अनुभव हे दाखवतो की न्यायालयीन विजयही सौदाशक्तीवाचून टिकत नाही. न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी लेखकांच्या बाजूने निर्णय दिला. छापील अंकासाठी दिलेले लेख स्वतंत्र परवानगीवाचून संगणकीय संचयांत घालता येणार नाहीत, असा तो निर्णय होता. तोवर मोठ्या वृत्तपत्रांनी आपले करारच बदललेले होते. यापुढील प्रत्येक लेखाचे सर्व माध्यमांतील सर्व हक्क देण्याची अट त्यांत होती. निकालाने लेखकांना जुन्या लेखांचा हक्क मिळाला. नव्या लेखांचा हक्क सहीबरोबरच गेला.

दुसरा मार्ग एकत्रित सौद्याचा. याविषयी अमेरिकेतील नाट्यलेखक आणि चित्रपटलेखक यांचा तुलनात्मक इतिहास उद्बोधक आहे. नाटककारांच्या संघटनेने १९२६ मध्ये निर्मात्यांकडून एक किमान करार मान्य करून घेतला, आणि त्यात नाटकाची मालकी नाटककाराकडेच राहिली. पण १९४५ मध्ये रिंग विरुद्ध स्पिना या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की नाटककार हे निर्मात्यांचे नोकर नाहीत, म्हणून कामगार संघटनांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून असलेले संरक्षण त्यांना लागू होत नाही. मालकांनी एकत्र येऊन दर ठरवणे हा व्यापारी संगनमताचा प्रकार ठरतो. चित्रपटलेखकांनी उलट मार्ग धरला. त्यांच्या लेखनाची मालकी चित्रपटसंस्थेची. कायद्याने ते 'लेखक'ही नाहीत, नोकर आहेत. पण नोकर असल्यामुळेच त्यांना संघटना करता आली, श्रेयनामाचे नियम व पुनःप्रक्षेपणाचा वाटा मिळवता आला, आणि २०२३ मध्ये १४८ दिवसांचा संप करून यांत्रिक लेखनसाधनांच्या वापरावरही मर्यादा घालून घेता आल्या.

ज्याच्याकडे स्वामित्व आहे त्याला एकत्रित सौदा करता येत नाही, आणि ज्याला एकत्रित सौदा करता येतो त्याच्याकडे स्वामित्व नाही. लेखाच्या आरंभी म्हटलेली विसंगती येथे सर्वांत उघड्या रूपात दिसते. अलीकडच्या युरोपीय कायद्यांनी ती मिटवण्याचा प्रयत्न केला आहे. जर्मनीने २००२ मध्ये लेखकाला रास्त मोबदल्याचा हक्क देऊन तो ठरवण्यासाठी लेखकसंघटनांना वाटाघाटीचे स्थान दिले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात उत्पन्न मूळ मोबदल्याच्या मानाने फार वाढल्यास मोबदल्याच्या फेरविचाराची तरतूद केली, आणि २०२२ मध्ये एकट्याने काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या सामूहिक करारांना स्पर्धाकायद्यातून वाट मोकळी करून देणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय मुक्त लेखकाला असा आधार अद्याप लाभलेला नाही.

७

मराठी साहित्यव्यवहारात या प्रश्नाची चर्चा अवघड करणारा एक घटक भाषेतच आहे. तो म्हणजे 'मानधन' हा शब्द. रोमन कायद्यात विद्वानाच्या सेवेला भाडे नसे. त्याला दिले जाई ते सन्मानार्थ, आणि मजुरीसारखी त्याची वसुली करता येत नसे. युरोपीय भाषांतील याच कल्पनेला आपण 'मानधन' म्हणतो. संस्कृत काव्यात हा शब्द बहुव्रीही म्हणून येतो : मान हेच ज्याचे धन आहे असा पुरुष. मराठीत त्याचा अर्थ 'मानपूर्वक दिलेले धन' असा झाला. व्यवहारात मात्र जुना विग्रह पुष्कळदा खरा ठरतो. मोबदला हा शब्द वापरला की दर, मुदत, थकबाकी, व्याज हे शब्द ओघाने येतात. मानधनाची चौकशी करणे हे मानाला बाधक वाटते. नाटकधंद्यात नटाची 'नाईट' उघडपणे ठरते, कारण तिला धंद्याचा शब्द आहे. लेखकाच्या प्राप्तीला असा रोकडा शब्द नसणे ही त्याच्या सौदाशक्तीतील एक उणीवच होय.

म्हणून या विषयातील पहिले काम समीक्षकांचे आणि इतिहासकारांचेही आहे. लेखकांचे पत्रव्यवहार आपण संपादून छापतो, हस्तलिखितांची पाठचिकित्सा करतो. करारपत्रे मात्र सहसा खासगी कागद मानून सोडून देतो. वस्तुतः कादंबरीची पृष्ठसंख्या, अनुवादाची घाई, लेखमालेची लय, पुस्तकाचे पुनर्मुद्रण न होणे, यांपैकी कितीतरी गोष्टींची कारणे त्या कागदात सापडू शकतात. करार हीही एक संहिता आहे, आणि तिचे वाचन करताना तीन प्रश्न विचारता येतात. मसुदा कोणाचा आहे? मौन कोठे पाळले आहे आणि ते कोणाच्या फायद्याचे आहे? आणि काळ बदलल्यावर, किंमत वाढल्यावर, या लेखातील कोणते वाक्य लेखकाला परत बोलण्याची संधी देते? मिल्टनच्या करारापासून लिंडाच्या कागदापर्यंत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणतेही नाही' असेच येते.

लेखकाचा मृत्यू झाला की नाही, हा वाद सैद्धांतिक पातळीवर चालू राहील. कायद्याच्या आणि बाजाराच्या व्यवहारात मालक या नात्याने लेखक फार पूर्वीच बाजूला सारला गेला होता, आणि तेही बहुधा त्याच्याच सहीने. तिथे तो टिकायचा असेल तर त्याला आणखी मोठी मालकी देऊन भागणार नाही. काही गोष्टी त्याला एकट्याने विकता येणार नाहीत असे ठरवणे, आणि उरलेल्या गोष्टी त्याला इतरांसह एकत्र येऊन विकता येतील अशी सोय करणे, हाच मार्ग आतापर्यंतच्या इतिहासात काही प्रमाणात तरी फळाला आलेला दिसतो.